घरोघरची वेळ आणि शाळेची घंटा

घड्याळ पाच-दहा मिनिटे पुढे लावून ठेवण्याची चाल आपल्या घरांतून इतकी रुळली आहे की, ती चमत्कारिक आहे हे कोणाच्या मनातही येत नाही. घरातील कर्ता पुरुष भिंतीवरचे घड्याळ हेतुपुरस्सर पुढे सारतो आणि त्यानंतर वर्षानुवर्षे त्याकडे पाहताना मनातल्या मनात दहा मिनिटे वजा करीत राहतो. ज्याने घड्याळास खोटे बोलावयास शिकविले त्याला ते खोटे पाठच असते; म्हणून फसत कोणीच नाही, आणि घड्याळ पुढे लावण्याचा उपयोगही होत नाही. फसते ते फक्त घरातील दुसरीतले मूल. त्याला अजून हातच्याची वजाबाकी येत नसते. काटे शाळेच्या वेळेवर आलेले दिसताच ते अर्धी भाकरी ताटात टाकून धावते, आणि शाळेचे दार अजून उघडलेले नसते. दोन-चार दिवस असे झाले म्हणजे तेही घरच्या घड्याळावरचा विश्वास सोडते आणि पाचव्या दिवशी खरोखरच उशिरा येते. हजेरीपटावर नोंद होते ती केवळ त्या पाचव्या दिवसाची.

वेळ पाळण्याच्या अशा खाजगी तऱ्हा प्रत्येक घरात असतात. मोठ्या माणसांच्या बाबतीत आपण त्या हसून सोडून देतो. मुलांच्या बाबतीत मात्र त्यांचेच नाव ‘शिस्तीचा अभाव’ असे पडते. मुलाची वेळ ही बहुधा त्याच्या घराची वेळ असते. घर कोणत्या घड्याळावर चालते हे समजल्यावाचून मुलाच्या उशिराविषयी मत बनविणे म्हणजे प्रश्न न वाचता उत्तरपत्रिका तपासण्यासारखे आहे.

साखरखेर्डा हे सिंदखेडराजा तालुक्यातील मोठे गाव. १७२४ साली निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांची निर्णायक लढाई या गावाजवळ झाली आणि त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकांत त्याला जागा मिळाली. या तालुक्यात आगगाडी मात्र आलेली नाही. त्यामुळे इंजिनाच्या शिट्टीवर दिवस लावून घेण्याची जी सोय मलकापूर-शेगावकडील लोकांना सहज मिळाली ती इकडच्या लोकांना मिळाली नाही, आणि त्यांनी आपापली घड्याळे आपणच शोधून काढली. या परिसरातील कोणत्याही शाळेत ‘तुमच्या घरी सकाळ झाल्याचे कशावरून कळते?’ एवढा एकच प्रश्न विचारून पाहावा. एका घरी पहाटेची बांग, दुसऱ्या घरी काकड आरती. ज्या गावी एस.टी.ची मुक्कामी गाडी असते तेथे तिचे इंजिन सुरू झाले की अर्धी आळी उठते, आणि गाडी रद्द झाली की तीच अर्धी आळी अंथरुणात राहते. कोणाकडे दूध घालण्याची वेळ हीच सकाळ. कोणाकडे नळाला पाणी येईल ती. दूरदर्शनसंचावरील एखादी मालिका संपली की निजायचे, असा नियम असलेली घरे तर आता पुष्कळ झाली आहेत, आणि त्या मालिकेचा विस्तारित भाग असला की दुसऱ्या दिवशी वर्गात जांभया मोजून घ्याव्यात.

म्हाताऱ्या माणसांच्या तऱ्हा याहून निराळ्या. पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलाने आणून दिलेले मनगटी घड्याळ आजोबा दररोज नेमाने बांधतात, परंतु वेळ विचारली असता अंगणातील सावलीकडे पाहून सांगतात. घड्याळातील सेल संपून महिना झाला तरी त्यांच्या व्यवहारात काही अडत नाही. आपल्याच सावलीची लांबी आपल्याच पावलांनी मोजून वेळ काढण्याची रीत ज्यांना ठाऊक आहे अशी माणसे अजून खेड्यांत आहेत. उंच माणसाची सावली लांब, परंतु त्याचे पाऊलही लांब. म्हणून प्रत्येकाचा हिशेब जवळपास सारखाच येतो. भूमितीतील प्रमाणाचा हा पाठ पुस्तकाच्या किती तरी आधीचा आहे.

भाषेनेही ही घड्याळे जपून ठेवली आहेत. झुंजुमुंजू, रामप्रहर, दिवस कासराभर वर येणे, सूर्य माथ्यावर येणे, गुरे परतण्याची वेळ, दिवेलागण, तिन्हीसांजा, निजानीज; आणि लवकर या अर्थी ‘येरवाळी’ हा शब्द. त्याचप्रमाणे किती वेळ लागला हे सांगावयाचे तर ‘दोन भाकरी होईपर्यंत’, ‘एक विडी ओढून होईपर्यंत’. घटकाभर टेका, असे आपण पाहुण्यास आजही म्हणतो. ती घटका म्हणजे नेमकी २४ मिनिटे, हे म्हणणारास व ऐकणारास दोघांसही आठवत नाही. अहोरात्रीच्या ६० घटका, घटकेची ६० पळे. म्हणजे एक पळ २४ सेकंदांचे. हा हिशेब पाचवीतील मुलास सांगितल्यास ते क्षणभरही दचकत नाही, कारण साठाचा पाढा त्याने मिनिट-सेकंदांसाठी केलेलाच असतो.

आणि येथे साखरखेर्ड्याच्या शिक्षकांस एक सुरेख योगायोग हाताशी मिळतो. आपल्या मनगटावर किंवा भ्रमणध्वनीवर जी वेळ दिसते ती भारतीय प्रमाणवेळ होय, आणि ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून धरलेली आहे. साखरखेर्डे सुमारे ७६.४ अंशांवर आहे. पृथ्वीस एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात, तेव्हा ६.१ अंशांच्या अंतरास सुमारे २४ मिनिटे झाली. म्हणजे साखरखेर्ड्याचा सूर्य सरकारी घड्याळाच्या बरोबर एक घटका मागे चालतो! घड्याळात बारा वाजले असता अंगणातील आजोबा ‘अजून बारा वाजायचे आहेत’ असे म्हणतात ते हट्टाने नव्हे. त्यांच्या गावापुरते ते बरोबर असतात.

त्यातही सूर्य वर्षभर एकसारखा वागत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे आणि तिचा आस कललेला असल्यामुळे सूर्याची मध्यान्ह कधी पुढे तर कधी मागे सरते. साखरखेर्ड्यास नोव्हेंबरच्या आरंभी ती घड्याळाप्रमाणे १२ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास होते, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ३८ मिनिटांच्या सुमारास. उगवतीचेही तसेच. जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास दिसतो, जानेवारीच्या मध्यास त्याला सात वाजतात. हा जवळजवळ सव्वा तासाचा फरक सूर्यावर चालणाऱ्या घरात जसाच्या तसा उतरतो. शाळेच्या घंटेला त्याची खबर नसते.

सर्व देशास एक वेळ असावी ही कल्पना तशी फार जुनी नाही. पूर्वी प्रत्येक मोठ्या गावाची वेळ त्याच्या सूर्यावर असे, आणि रेल्वे मद्रासच्या वेळेने धावत. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ अंमलात आली, पण मुंबईकरांनी ती सुखासुखी पत्करली नाही. मुंबईची स्थानिक वेळ प्रमाणवेळेहून सुमारे ३९ मिनिटे मागे. ही ३९ मिनिटे आपल्यावर लादली गेली असे शहरातील पुष्कळांस वाटले, आणि पुढे कित्येक वर्षे मुंबईत दोन्ही वेळा नांदत राहिल्या. भेटीची वेळ ठरविताना ‘कोणत्या वेळेने?’ असा प्रश्न करावा लागे. तेथील विद्यापीठाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. त्यास प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींचे नाव दिले. त्या जैन धर्माच्या असल्याने सूर्यास्तापूर्वी भोजन करीत. दृष्टी गेल्यामुळे त्यांस सांज झाल्याचे कळेना, ते या मनोऱ्याच्या घंटेवरून कळू लागले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती मुलांस सांगावी. परंतु एका व्यक्तीच्या नित्यनेमासाठी साऱ्या शहरास घंटा मिळाली, ही कल्पना मुलांस आवडते. आणि घड्याळ पुढे लावणाऱ्या गृहस्थास हसण्यापूर्वी हेही ध्यानात घ्यावे की, दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ या काळात सरकारनेच सबंध हिंदुस्थानचे घड्याळ एक तास पुढे लावले होते.

शाळेत वेळेच्या शिस्तीचा विषय निघाला की थोरांची उदाहरणे दिली जातात. ती देताना थोडी काळजी घेणे इष्ट आहे. गांधीजी १९३६ पासून वर्ध्याजवळ ज्या सेगाव खेड्यात राहू लागले त्याची टपाले आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगावास जाऊ लागली, म्हणून त्या गावाचे नाव पुढे सेवाग्राम असे ठेवण्यात आले. तेथील त्यांचा दिनक्रम पहाटे चारच्या सुमारास सुरू होई. सोमवारी मौन असे. आणि पंचाला खिसा नसल्यामुळे खिशातले घड्याळ ते कमरेला लटकावीत. एरवी पाहता यातील एकेक गोष्ट विक्षिप्तच म्हणावी लागेल. ३० जानेवारी १९४८ रोजी सरदार पटेलांशी बोलणे लांबले आणि सायंकाळी पाचच्या प्रार्थनेस त्यांना काही मिनिटे उशीर झाला. प्रार्थनास्थळाकडे चालताना त्या उशिराविषयीच ते सोबतच्या मुलींजवळ नाराजी दाखवीत होते. मुलांस ही हकीकत सांगताना शिक्षक बहुधा ‘पाहा, ते किती वक्तशीर होते’ एवढ्यावर थांबतात. पण लोक वाट पाहत बसले आहेत, याची रुखरुख त्या नाराजीत होती. वक्तशीरपणा हा दुसऱ्याच्या वेळेचा मान आहे असे मुलास समजले तर ते उद्या शिक्षकाकडूनही तसाच मान अपेक्षील, आणि ते योग्यच होईल.

दुसरे उदाहरण जर्मन तत्त्ववेत्ता कांट याचे. कोनिग्सबर्ग येथील शेजारी त्याच्या फिरावयास निघण्याच्या वेळेवर आपली घड्याळे लावीत असे सांगतात. त्याचा हा नेम एकदा चुकला म्हणतात, तो रूसोचा ‘एमिल’ हा ग्रंथ हातात पडला तेव्हा. ‘एमिल’ १७६२ साली प्रसिद्ध झाला आणि तो बालकाच्या शिक्षणाविषयी आहे. अध्यापन विद्यालयात या ग्रंथाचे नाव पाठ केलेल्या प्रत्येक शिक्षकास या गोष्टीचे थोडे समाधान वाटावयास हरकत नाही.

आता उशिरा येणाऱ्या मुलाकडे वळू. दररोज उशिरा येणारे मूल आणि काही ठराविक दिवशीच उशिरा येणारे मूल यांत फरक करावा. शेतीपंपांस जेथे अजून काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री अशा पाळीने वीज मिळते, तेथे रात्रीच्या पाळीत बाप पाणी द्यावयास शेतावर असतो, आईचा डोळा लागत नाही, आणि थोरल्या मुलीवर सकाळचा चहा, केर व धाकट्याची तयारी येऊन पडते. ती मुलगी पाळीच्या दिवशी उशिरा येते, एरवी येत नाही. महिन्याचा हजेरीपट समोर घेऊन उशिराच्या तारखांवर पेन्सिलीने खूण केली तर हा क्रम पाच मिनिटांत उघड होतो. न केली तर ती मुलगी वर्षभर ‘आळशी’ राहते. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात अशीच खूण एक दिवसाआड पडेल. अशा मुलीस वर्गाबाहेर उभे करण्याने विजेची पाळी बदलत नाही. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मनाई केलेली आहे, हे सर्वांस ठाऊक आहेच. परंतु कायदा नसता तरी हा उपाय निरुपयोगीच ठरला असता. तिला पहिल्या तासास गणित न ठेवता दुसऱ्या तासास ठेवणे, हा उपाय काहीच खर्चाचा नाही. मुख्याध्यापकांच्या संमतीने वेळापत्रकातील दोन तास अदलाबदल करण्यास कोणाचीही हरकत असू नये.

लहान मुलांची झोप हा प्रश्नही आता शासनाने मान्य केलेला आहे. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊपूर्वी भरवू नयेत असा निर्णय २०२४ साली झाला, त्यामागे हाच विचार होता.

काही मुलांच्या सवयी याहून खोल असतात. शाळेत येताना नेहमीच्याच गल्लीने यावयाचे, नेहमीच्याच जागी बसावयाचे, प्रार्थनेपूर्वी दप्तर तीन वेळा उघडून पाहावयाचे. यांत खंड पडला की रडे. बहुतेक मुलांत हे वयाबरोबर ओसरते आणि त्याची चर्चा न करणेच बरे. परंतु स्वमग्न बालकांच्या बाबतीत ठरलेला क्रम हाच त्यांचा आधार असतो, आणि तो न सांगता मोडल्यास त्यांची जी घालमेल होते ती हट्ट म्हणून मोजणे हा अन्याय आहे. दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावून ठेवावा, बदल व्हावयाचा असल्यास आदल्या दिवशी सांगावा. ज्या वर्गात हे केले जाते तेथे उरलेली मुलेही ती चित्रे रोज पाहू लागतात.

परिसर अभ्यासासाठी या विषयावर एक पाठमाला सहज बसते. पहिल्या दिवशी मुलांनी घरच्या वेळखुणा लिहून आणाव्यात. आजी-आजोबांस विचारूनच लिहाव्यात, आणि शिक्षकांनी त्यांतील एकही खोडू नये. ज्या घरी घड्याळ पुढे लावलेले असेल त्या मुलाने ते किती मिनिटे पुढे आहे हे शोधून आणावे. वेळेच्या वजाबाकीचा असा जिवंत प्रश्न गणिताच्या पुस्तकात सापडणार नाही, आणि घरच्या दहा मिनिटांचे गुपित एकदा मुलाच्या हाती आले की त्याची भाकरी ताटात राहत नाही.

दुसरा पाठ सावलीचा. मैदानात सपाट जागी सरळ काठी रोवावी; ती उभी आहे की नाही हे दोऱ्यास दगड बांधून पाहावे. पावणेबारापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. सर्वांत आखूड सावली केव्हा पडली ते घड्याळात पाहून फळ्यावर लिहावे. एक अडचण सांगून ठेवली पाहिजे: मध्यान्हीच्या आसपास सावली इतकी हळू बदलते की नेमका क्षण पकडता येत नाही. त्यावर आपल्या जुन्या ज्योतिषांनी काढलेली युक्ती अशी की, काठीभोवती एक वर्तुळ आखावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाच्या आत शिरताना आणि दुपारी बाहेर पडताना अशा दोन वेळा टिपाव्यात, आणि त्यांच्या बरोबर मधली वेळ घ्यावी. वर्तुळाची त्रिज्या काठीच्या उंचीपेक्षा थोडी अधिक ठेवल्यास दोन्ही वेळा शाळेच्या तासांत येतात. मात्र उन्हाळ्यात वर्तुळ लहान घ्यावे लागेल. त्या दोन खुणांस जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम येते, हा वरचा लाभ.

तिसरा पाठ घटिकापात्राचा. जुन्या लग्नांत जोशीबुवा पाण्याच्या घंगाळात तळाशी छिद्र असलेली तांब्याची वाटी सोडीत. छिद्रातून पाणी शिरून वाटी बुडाली की एक घटका भरली. शाळेत तांब्याच्या वाटीची गरज नाही. पत्र्याचा लहान डबा घ्यावा, तळाला बारीक खिळ्याने भोक पाडावे आणि पाण्याच्या बादलीत सोडावा. पहिल्या खेपेस तो दोन-तीन मिनिटांतच बुडेल आणि मुले हसतील. मग भोक मेणाने बुजवून त्यात सुई घालून लहान करावे, पुन्हा सोडावा, पुन्हा मोजावे. २४ मिनिटांचा डबा साधावयास चार दिवस लागले तरी ते दिवस वाया गेले असे समजू नये. छिद्र किती, पाणी किती, डबा किती जड, या तिन्ही गोष्टींचा विचार मुले आपण होऊन करू लागतात. पाणीटंचाईच्या महिन्यांत तेच पाणी झाडांस घालावे.

डबा साधला म्हणजे एके दिवशी घड्याळात बारा वाजताच तो बादलीत सोडावा आणि त्याच वेळी मैदानातील काठीची सावली पाहत राहावे. एप्रिलच्या मध्यास किंवा सप्टेंबरच्या आरंभी हा प्रयोग केला तर डबा बुडण्यास आणि सावली सर्वांत आखूड होण्यास जवळजवळ एकच गाठ पडेल. फेब्रुवारीत डबा आधी बुडेल, नोव्हेंबरात सावली आधी आखूड होईल. प्रत्येक महिन्यातील एक वेळ तारखेसह नोंदवून वर्षाचा तक्ता करावा आणि तो वर्गाबरोबर वर न जाता त्याच भिंतीवर पुढच्या वर्गासाठी राहू द्यावा. साखरखेर्ड्याच्या अक्षांशावर मे महिन्यात २१-२२ तारखेच्या सुमारास आणि जुलै महिन्यात २२-२३ तारखेच्या सुमारास मध्यान्हीला उभ्या काठीची सावली मुळीच पडत नाही. मे महिन्यात सुट्टी असते आणि जुलैत बहुधा आभाळ. तरीही जुलैतील त्या दोन-तीन दिवशी काठी रोवून ठेवावी, आणि वर्गातील दोन मुलांस साडेबाराच्या सुमारास ढगांकडे लक्ष ठेवावयास सांगावे.